विलंबाची किंमत कोण मोजतो?



आयुष्यभर अर्थशास्त्र शिकविल्यामुळे कोणत्याही व्यवहाराचा खर्च अखेर कोणाच्या खात्यावर पडतो, हे पाहण्याची मला सवय जडली आहे. चौकशीत सापडलेल्या सत्ताधीशाच्या न्यायालयीन डावपेचांकडेही आपण त्याच दृष्टीने पाहिले पाहिजे.

अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन यांचे उदाहरण घ्या. जुलै १९७३ मध्ये वॉटरगेट प्रकरणाचे विशेष सरकारी वकील आर्चिबाल्ड कॉक्स यांनी व्हाइट हाऊसमधील संभाषणांच्या ध्वनिफिती मागितल्या. फितींत काय आहे, हे निक्सन यांनी सांगितले नाही. त्या मागण्याचा अधिकार कोणाला, असा प्रतिप्रश्न त्यांनी विशेषाधिकाराच्या नावाने उभा केला. अपील न्यायालयाने तो अमान्य करताच, २० ऑक्टोबरला त्यांनी कॉक्स यांनाच दूर करविले. ॲटर्नी जनरल रिचर्डसन यांनी तो हुकूम बजावण्यापेक्षा राजीनामा देणे पत्करले. लोकक्षोभ एवढा उसळला की नवा विशेष वकील नेमणे भाग पडले. अखेर २४ जुलै १९७४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या आठ न्यायमूर्तींनी एकमताने फिती देण्याचा आदेश दिला. त्यांपैकी तिघे निक्सन यांनीच नेमलेले होते! ९ ऑगस्टला निक्सन पायउतार झाले.

येथे आपण टाळ्या वाजवून थांबतो. परंतु हिशेब पुरा झालेला नाही. महिन्याभरातच, ८ सप्टेंबरला, अध्यक्ष फोर्ड यांनी निक्सन यांना माफी दिली. सहकारी तुरुंगात गेले. धन्यावर खटलाही चालला नाही.

पन्नास वर्षांनी, १ जुलै २०२४ रोजी, त्याच न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी माजी अध्यक्षांना अधिकृत कृत्यांबाबत फौजदारी खटल्यापासून व्यापक संरक्षण दिले. ट्रम्प यांच्यावरील २०२० च्या निवडणूक-निकालासंबंधीचा खटला त्या वादात अडकून पडला. नोव्हेंबरमध्ये ते निवडून आले आणि सरकारी वकिलांनी खटला मागे घेतला. पुरावा तपासला गेलाच नाही. मतदाराला निकालाविना मत द्यावे लागले. विलंबाची किंमत ती हीच.

आरोप सिद्ध होईपर्यंत कोणालाही दोषी मानू नये, हे तत्त्व आपण प्राणपणाने जपले पाहिजे. गरीब कच्च्या कैद्याला तर त्याचाच आधार असतो. परंतु मौन हा आरोपीचा हक्क आहे. सत्तेचे पद हा कोणाचाही हक्क नव्हे. न्यायालयात गप्प राहणाऱ्या नेत्याला जनतेच्या न्यायासनापुढे उत्तर मागणे, हे कार्यकर्त्याचे काम आहे.

आणि तो नेता आपल्या पक्षाचा असेल, तर ते काम दुसऱ्या कोणी करण्याची वाट पाहू नका.