आवाक्यातली वीण

(मंडळाच्या महिला शाखेत संक्रांतीच्या हळदीकुंकवाच्या प्रसंगी केलेले भाषण)



आपल्यापैकी बहुतेकजणी लग्नाच्या वा बदलीच्या निमित्ताने जयपुरात आलो, तेव्हा पेटीत एखादी शाल होती; स्वेटर नव्हता. पौषातल्या पहाटे येथे पारा ६-७ अंशांपर्यंत उतरतो, हे मुंबई-कोकणात वाढलेल्या माणसाला सांगून पटत नाही. मग शेजारच्या भाभीजींच्या गच्चीवर उन्हाला बसून आम्ही विणकाम शिकलो. आपल्या सुईला त्या सलाई म्हणत, आणि टाक्याला फंदा. नसत्या फंदात पडू नये, हा माहेरचा उपदेश आम्हांला तेथे नव्याने उमगला.

कारण आम्ही पडलो होतो. आमच्यातील एकीला पहिले बाळ व्हायचे होते. आम्ही चौघींनी मिळून त्याच्यासाठी वेण्यांची आणि जाळीची नक्षी असलेला स्वेटर निवडला, तोही केवळ चित्र पाहून. एक टाका गळला की चार ओळी उसवायच्या! कार्तिकात आरंभलेली ही कसरत होळीला थांबली, तेव्हा पाठ आणि एक बाही एवढेच झाले होते. बाळाचा पहिला हिवाळा बाजारच्या स्वेटरात गेला. त्याहून वाईट हे, की आमच्यापैकी दोघींनी सुया कायमच्या ठेवून दिल्या. त्यांचे हात वाईट नव्हते. निवड चुकली होती.

म्हणून नव्या मुलींना आमचे सांगणे असे. चित्र पाहून भुलू नये. नमुना आधी शेवटपर्यंत वाचावा. न समजणारी गोष्ट एकच असेल तर तो खुशाल घ्यावा. तीन-चार असतील तर पुढच्या वर्षासाठी ठेवावा. पहिला मान मफलरीचा : सुलट टाके आणि सरळ कडा. मग कानटोपी, तीत उलट-सुलट वीण आणि टाके कमी करणे येते. त्यानंतर बिनबाह्यांचा स्वेटर, म्हणजे गळा आणि काखा. वेण्या, जाळ्या आणि रंगीत चित्रे यांची पाळी त्यानंतरची.

लोकरही आपल्या हाताला मानवेल अशी घ्यावी. फिकट रंगाच्या, मध्यम जाडीच्या, गुळगुळीत लोकरीत चुकलेला टाका लगेच दिसतो. काळ्या किंवा केसाळ लोकरीत तो लपतो. आपल्या शेजारच्या टोंक जिल्ह्यात अविकानगरला १९६२पासून मेंढी व लोकर संशोधनाची केंद्रीय संस्था आहे. तथापि राजस्थानी मेंढ्यांची बरीचशी लोकर भरड, गालिच्यांना उत्तम अशी असते. तान्ह्याच्या अंगाला ती टोचते; त्याला मऊच हवी.

परदेशातील लेकीने पुस्तक पाठवले, तर सुयांचे क्रमांक जपून वाचावेत. आपल्याकडे चालणाऱ्या जुन्या ब्रिटिश पद्धतीत क्रमांक वाढला की सुई बारीक होते : ८ क्रमांकाची ४ मिलिमीटर, १० क्रमांकाची सव्वातीन. अमेरिकेत सारे उलट : ८ क्रमांकाची ५ मिलिमीटर, १० क्रमांकाची ६. तेव्हा क्रमांकावर न जाता मिलिमीटर पाहावेत.

आणि कितीही घाई असली तरी आधी वीतभर चौकोन विणून मोजावा. नमुन्यात १० सेंटिमीटरला २२ टाके सांगितले असता आपले २० भरले, तर २२० टाक्यांचा घेर १०० सेंटिमीटरऐवजी ११० होतो. दोन टाक्यांचा फरक, पण स्वेटर दुसऱ्याच्या मापाचा!

यंदा त्याच बाळाच्या घरी पाळणा हलला. आम्ही साधा, बिनबाह्यांचा स्वेटर दिवाळीत आरंभला. मधोमध वेणी घातली, पण एकच. मार्गशीर्ष संपण्यापूर्वी तो नातवाच्या अंगात होता.

जुनी बाही मात्र आम्ही उसवलेली नाही. ती ट्रंकेत जपून ठेवली आहे. नवी मुलगी सुया घेऊन आली, की प्रथम आम्ही तीच तिच्या हाती देतो.