कुंभारणीचे घर



साहित्याच्या व्यासपीठावर माशीवर बोलायचे म्हणजे धाडसच. पण ही माशी आपल्या साहित्यात जुनी आहे. भागवताच्या ११व्या स्कंधात अवधूताने २४ गुरू सांगितले, त्यांत ती आहे. तिने घरात कोंडलेला किडा तिच्याच ध्यासाने तिच्यासारखा होतो, हा भृंगकीटन्याय आपण कीर्तनांत ऐकत आलो.

जुने सुपे काळी नदीवरच्या धरणाखाली गेले, जोयड्यात नवी सिमेंटची घरे झाली. कुंभारणीला कौलारू घराचा वासा चालतो, तसा स्लॅबचा कोपराही चालतो. मादी ओल्या मातीच्या गोळ्या तोंडातून आणून नळीसारखी खोली बांधते. मग कोळ्याला नांगी मारते. तो मरत नाही, लुळा पडतो. म्हणून सडत नाही. असे अनेक कोळी भरून, एकावर अंडे घालून ती तोंड लिंपते. अळी कोळी खाते, कोश विणते आणि पंख फुटल्यावर माती कुरतडून गोल भोकातून बाहेर पडते. म्हणजे पूर्वजांनी पाहिले ते खरेच होते. फक्त बाहेर येते ते तिचेच पोर. कोंडलेला कोळी त्याचा शिधा. रानातली तिची दुसरी भावकी मोठा एकच कोळी बिळात ओढून नेते.

तिच्यावरही चोर आहे. चकचकीत हिरवी-निळी एक माशी तिच्या घरात आपले अंडे घालते.

मी जैन, म्हणून मला विचारतात, ‘डॉक्टर, ही हिंसा नव्हे का?’ फ्रान्सच्या झां-आंरी फाब्र (१८२३–१९१५) यांनी तिने आणलेले कोळी काढून घेतले. तरी तिने रिकामी खोली लिंपून टाकली. तिला निवड नाही. निवड आपल्याला आहे.

ती एकटी राहते, गांधीलमाशीसारखी घर राखायला अंगावर येत नाही. म्हणून दिवाळीच्या साफसफाईत एवढे पाहा: प्रत्येक खोलीला भोक असेल तर घर रिकामे, खुशाल काढा. बंद असेल तर थांबा. आणि वैद्य म्हणून एक सांगतो: ती माती सुजेवर लावण्याची रीत आहे, पण फुटलेल्या कातडीवर लावू नका, मातीत धनुर्वाताचे जंतू असू शकतात.