आमच्या घरी नेट बदलले त्याची हकीकत
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला बोलायला सांगितले तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. दरवर्षी या दिवशी माझ्याकडे पोह्यांचे पातेले असते, हा ध्वनिक्षेपक नव्हे. परंतु चिटणीसबाई म्हणाल्या, "तुमच्या घरच्या नेटची भानगड साऱ्या गल्लीने पाहिली आहे, तीच सांगा. निम्म्या घरांत तेच रडगाणे आहे." म्हणून उभी राहिले आहे. चुकले तर पदरात घ्या.

आमच्या घरी नेट हे चैनीसाठी घेतलेले नाही. आमची मुलगी येथेच बी. कॉम. झाली आणि तिला नागपूरच्या एका कचेरीत हिशेबाचे काम मिळाले. काम घरी बसून करायचे. मात्र अट अशी की, कामाच्या वेळात नेट बंद पडता कामा नये. पडू लागले तर नागपूरला येऊन राहावे. गडचिरोलीहून नागपूर पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास. तेथे खोली घ्यायची, डबा लावायचा, म्हणजे पगारातले उरणार काय? आणि दुसरी गोष्ट पैशांहून मोठी. आमच्या सासूबाई दोन वर्षांपासून अंथरुणाला खिळलेल्या आहेत. त्यांना उचलून बसवणे मला एकटीला होत नाही. हे सकाळीच दुकानावर जातात. मुलगी कामातून पाच मिनिटे उठते आणि हात लावते. ती नागपूरला गेली असती तर सासूबाईंचे काय झाले असते, हे मी सांगायला नको.

आणि गेल्या श्रावणात आमचे नेट दर दोन-तीन दिवसांनी मरू लागले. कंपनीचे नाव मी घेत नाही. डब्यावरचा हिरवा दिवा जायचा आणि लाल लागायचा. मुलगी साहेबांशी बोलत असताना मध्येच तिचा चेहरा पडद्यावर थिजायचा. असे चार-पाच वेळा झाल्यावर कचेरीचे पत्र आले: महिन्याभरात व्यवस्था सुधारावी, नाहीतर पुढच्या महिन्यापासून नागपूरला हजर व्हावे. त्या रात्री मुलगी जेवली नाही.

मी दुसऱ्याच दिवशी कंपनी बदलायला निघाले होते. ह्यांनी मला थांबवले. म्हणाले, "गाय दूध देत नाही म्हणून विकायची, आणि नवीन आणल्यावर कळायचे की आपल्या गोठ्यात चाराच नव्हता." मला राग आला, पण बोलणे खरे होते. तेव्हा आम्ही एक वही केली. दुधाच्या हिशेबाची असते तशीच. तारीख, कधी बंद पडले, कधी सुरू झाले, त्या वेळी घरात वीज होती काय, डब्यावर लाल दिवा होता काय, आणि तक्रारीचा नंबर.

ही वही लिहिली मी, पण पहारा केला सासूबाईंनी. त्यांच्या खाटेसमोरच्या भिंतीवर तो डबा. त्यांना दिवसभर दुसरे पाहायला काय आहे? मी चुलीपाशी असले की आतून हाक यायची, "लाल झाला गं!" रात्री दोन वाजतासुद्धा. एवढी चोख नोंद कोणत्या कचेरीत होत असेल असे मला वाटत नाही.

महिन्यात एकूण अकरा वेळा नेट बंद पडले. आम्ही समजत होतो की अकराही वेळा दोष कंपनीचा. वही पाहिली तर चार वेळा नुसती वीज गेलेली होती. आपल्याकडे पावसाळ्यात वारा सुटला की झाडाची फांदी तारेवर पडते आणि वीज जाते, हे नवीन नाही. वायर बाहेरून नीट येत असली तरी घरातल्या डब्याला वीज लागतेच. त्याला कंपनी काय करणार? त्यासाठी वायफायच्या डब्याला लावायची छोटी बॅटरी मिळते. ती आणून लावली, दोन-तीन तासांची सोय झाली. दोन वेळा असे झाले की दिवा हिरवाच होता, पण मुलीच्या खोलीत नेट पोहोचत नव्हते. आमच्या जुन्या घराच्या भिंती हातभर रुंद, आणि मधे लोखंडी कपाट. आम्ही एक लांब वायर डब्यातून थेट तिच्या संगणकाला जोडली. तेवढ्याने ते दुखणे गेले. ही परीक्षा प्रत्येकीने आधी करावी: वायर थेट जोडल्यावर नेट नीट चालत असेल तर दोष कंपनीचा नाही, आपल्या भिंतीचा आहे.

उरले पाच. त्या पाचही वेळा घरात वीज होती आणि दिवा लाल होता. एकदा तर दोन दिवस आणि एक रात्र. हा दोष बाहेरच्या वायरीचा.

या वायरीविषयी थोडे सांगते, कारण मला ते कळल्यावर फार नवल वाटले. तिच्यात तांब्याची तार नसते. काचेचा केसाएवढा तंतू असतो आणि त्यातून उजेड जातो. म्हणजे आपण बोलतो-लिहितो ते सारे उजेडाच्या उघडझापीने पलीकडे पोहोचते. हे शास्त्र पुढे नेणाऱ्यांत पंजाबातल्या मोगा गावी जन्मलेले नरिंदर सिंग कपानी होते. काचेच्या तंतूंच्या जुडीतून चित्र पलीकडे नेता येते हे त्यांनी आणि त्यांच्या गुरूंनी १९५४ साली दाखवले. पुढे चार्ल्स काव यांना या कामासाठी २००९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. तर अशी ही काच. ती ताणली, मुडपली, रस्ता खोदताना तुटली की उजेड अडतो आणि आपल्याकडे लाल दिवा लागतो. आमच्या गल्लीत ती विजेच्या खांबांवरून येते, आणि वानरांना तो झोपाळा वाटतो. हसू नका, वहीत एका तारखेपुढे "वानर" असेच लिहिले आहे.

तक्रारीचे म्हणाल तर फोनवर नुसते रागावून उपयोग नाही, हे मी शिकले. तक्रारीचा नंबर मागून घ्यावा आणि लिहून ठेवावा. नियमाप्रमाणे तो द्यावाच लागतो. समाधान झाले नाही तर त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे तीस दिवसांत जाता येते, ही सोय २०१२ च्या नियमांनी केलेली आहे. शिवाय ग्राहकांसाठी १९१५ हा सरकारी फोन नंबर आहे. मी अपील केले. उत्तर गोड आले, पण वायर तशीच राहिली.

मग बदलायचे ठरले. येथे मला एक अवघड गोष्ट सांगायची आहे. जुन्या कंपनीचा जो मुलगा खांबावर चढून वायर जोडायचा, तो आपल्याच एका भगिनीचा मुलगा. त्या आज येथे बसल्या आहेत, आणि त्यांना विचारूनच मी हे बोलते आहे. मला वाटे, आपण कंपनी बदलली तर त्या म्हणतील, माझ्या मुलाच्या कामावर हिने बोट ठेवले. या भिडेपोटी मी पंधरा दिवस घालवले. महिन्याची मुदत चालू होती आणि मी भिडेत बसले होते! शेवटी त्यांच्याच घरी गेले आणि वही समोर ठेवली. त्यांनी वाचली, मुलाला बोलावले. तो म्हणाला, "काकू, तक्रार खरी आहे. अर्ध्या गावाला मी एकटा आणि शिडी एक. एक वायर जोडून उतरतो तोवर तीन फोन आलेले असतात." त्या पोराचा यात काय दोष?

नवीन कंपनी कशी निवडली ते सांगते. माणसे पहिल्यांदा वेग विचारतात. पन्नास, शंभर, दोनशे. हे आकडे मेगाबिटचे असतात आणि आपण फाइल मोजतो मेगाबाइटमध्ये. आठ बिटांचा एक बाइट. म्हणजे शंभरचे नेट सेकंदाला साडेबारा मेगाबाइटच आणते. यात फसवणूक नाही, पण माहीत असावे. आणि सरकारच्या लेखी तर ब्रॉडबँड म्हणवून घ्यायला २००४ साली सेकंदाला २५६ किलोबिट पुरत होते, २०१३ साली ते ५१२ केले आणि २०२३ च्या जानेवारीत २ मेगाबिट. मुलीच्या कामाला पन्नासही भरपूर होते. आमचे दुखणे वेगाचे नव्हते, खंडाचे होते. म्हणून मी दोनशेचे घ्या म्हणणाऱ्या विक्रेत्याला चहा पाजून परत पाठवले.

मी तीन प्रश्न विचारले. पहिला, इकडून तिकडे पाठवण्याचा वेग किती? जाहिरातीत बहुधा घरात येण्याचाच वेग मोठ्या अक्षरात असतो, आणि मुलीला तर फाइली पाठवायच्या असतात. दुसरा प्रश्न, सगळा कर धरून किती? पाचशे म्हणतात आणि अठरा टक्के जीएसटी मिळवून पाचशे नव्वद होतात. तिसरा प्रश्न मला ह्यांनी सुचवला आणि तोच सर्वांत कामाचा ठरला: तुमची वायर गावात कोणत्या वाटेने येते? एका कंपनीच्या माणसाने सांगितले की त्यांची मुख्य वायर जुन्या कंपनीच्याच वाटेने, आरमोरीच्या बाजूने येते. म्हणजे तो रस्ता खोदला की दोघांचेही दिवे लाल. मग नाव बदलून काय मिळवले? दुसऱ्या कंपनीची वायर वैनगंगेपलीकडून मूलच्या बाजूने येत होती. तिचेच नाव पक्के केले. त्याआधी त्याच खांबावरून नेट घेतलेल्या दोन घरी जाऊन पावसात कसे चालते ते विचारून आले. विक्रेत्याच्या बोलण्यापेक्षा शेजारणीचे बोलणे भरवशाचे.

आता माझी चूक. जुन्या कंपनीला मी एक महिना फुकट मिळतो म्हणून सहा महिन्यांचे पैसे आधी भरले होते. त्यातले चार महिने शिल्लक होते. ते परत मिळाले नाहीत. पावतीमागे बारीक अक्षरात तसे लिहिलेले होते; मी वाचले नव्हते. म्हणून नवीन कंपनीचे मी महिन्याचे महिन्यालाच भरते, चार पैसे जास्त पडले तरी.

एक गोष्ट मात्र बरी केली. नवीन वायर लागल्याबरोबर जुनी तोडली नाही. पंधरा दिवस दोन्ही ठेवल्या. हातचे सोडून पळत्याच्या मागे कोण लागते? मोबाइलचा नंबर आहे तसा ठेवून कंपनी बदलता येते, ती सोय २० जानेवारी २०११ पासून साऱ्या देशात झाली. घरच्या नेटला तसे नाही. येथे नवीन वायर, नवीन डबा, नवीन खाते. मधे एक दिवस रिकामा गेला असता तर मुलीचे काम बुडाले असते. त्या पंधरा दिवसांत एक मोठे वादळ झाले. नवीन नेटही एकदा बंद पडले, नाही असे नाही; पण दोन तासांत माणूस आला. मग जुने बंद करण्याचा अर्ज लेखी दिला, त्यांचा डबा परत केला आणि डबा मिळाल्याची पावती घेतली. ही पावती फार जणी घेत नाहीत आणि पुढे डब्याचे पैसे मागितले की भांडत बसतात. डबा न्यायला तोच मुलगा आला होता. त्या दिवशी तो प्रथमच आमच्याकडे पाच मिनिटे टेकला, नाहीतर नेहमी उभ्यानेच चहा.

हे सारे बोलताना मला माझ्या धाकट्या बहिणीची आठवण होते. ती भामरागडकडे दिली आहे. पर्लकोटेला पूर आला की तिचा रस्ताच बंद होतो. ती मला म्हणाली, "ताई, तू दोन कंपन्यांतून निवडतेस. आमच्याकडे एक टॉवर आहे, आणि तो चालला की आम्ही एकमेकींना हाका मारून सांगतो." मी गप्पच बसले. ग्रामपंचायतींपर्यंत काचेची वायर नेण्याची योजना केंद्र सरकारने २०११ साली मंजूर केली, तिलाच पुढे भारतनेट म्हणू लागले. २०२२ च्या जुलैत नेट नसलेल्या चोवीस हजार सहाशे ऐंशी गावांसाठी फोर-जी टॉवरची योजना मंजूर झाली. आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र शासनाने उपग्रहावरून नेट देणाऱ्या स्टारलिंक कंपनीबरोबर जे इरादापत्र केले, त्यात गडचिरोलीचे नाव होते. कागदावर आमच्या जिल्ह्याचे नाव पुष्कळदा पहिले असते. बहिणीच्या अंगणातून मला तिचा चेहरा न थिजता दिसेल तेव्हा मी तुम्हाला सांगेन.

कचेरीची मुदत संपायला चार दिवस राहिले होते तेव्हा मुलीने वहीची आणि नवीन जोडणीची छायाचित्रे साहेबांना पाठवली. त्यांचे उत्तर एका ओळीचे आले: घरूनच काम चालू ठेवावे. ती ओळ तिने आधी आजीला वाचून दाखवली, मला नंतर.

सासूबाई अजून पहारा करतात. मधे आठ-दहा दिवस लाल दिवा लागला नाही, तर त्यांनी मला बोलावून विचारले, "अगं, हा बिघडला तर नाही ना?"

आमची वही मी येथे टेबलावर ठेवली आहे. रकाने कसे आखले ते ज्यांना पाहायचे त्यांनी पाहावे. पाने फाडू नयेत. पोहे मी आजही केले आहेत.