ब्रेकची चकती आणि ब्रेकची धूळ



या व्यासपीठावर वेदान्त, नाटक, अर्थकारण असले विषय शोभतात. मी बोलणार आहे ते जुन्या मोटारीच्या पुढच्या ब्रेकविषयी. कामगार चळवळीतल्या माणसाला हा गाडीवाल्यांचा छंद कशाला, असे कुणाच्या मनात येईल. त्याचे उत्तर त्या ब्रेकमधल्या धुळीत आहे.

उदाहरणाला एम.जी.बी. ही इंग्रजी गाडी घेऊ. ऑक्सफर्डजवळच्या अ‍ॅबिंग्डन गावी १९६२ ते १९८० पर्यंत ती तयार होत असे. पाच लाखांवर गाड्या निघाल्या आणि १९८० साली कारखान्याला टाळे लागले. कामगार घरी गेले, गाड्या मात्र उरल्या. सुटे भाग अजून नवे मिळतात, त्यामुळे पुष्कळ हौशी माणसे आपल्याच अंगणात त्यांची दुरुस्ती करतात.

तिच्या पुढच्या चाकांमागे पावणेअकरा इंच व्यासाची ओतीव लोखंडाची चकती असते. पाय पेडलवर पडला की कॅलिपरमधले पिस्टन दोन्ही बाजूंनी पॅड आवळून तिला धरतात. घासून घासून चकतीला चरे पडतात, कडेला काठ उभा राहतो आणि ती बदलावी लागते. बदलायच्या त्या दोन्ही चाकांच्या. नाहीतर गाडी एका अंगाला ओढते.

चकतीची कल्पना तशी जुनी. लँचेस्टर नावाच्या इंग्रज इंजिनिअराने १९०२ सालीच तिचे पेटंट घेतले होते. पण त्याचे पॅड तांब्याचे. ते भयंकर किंचाळत. या किंचाळण्यावर तोड निघाली ती अ‍ॅस्बेस्टॉसची. हा खनिज तंतू जळत नाही, पकड धरतो आणि स्वस्त पडतो. १९५३ साली डिस्क ब्रेकच्या जॅग्वारने ल मांची चोवीस तासांची शर्यत जिंकली आणि पुढे हे ब्रेक सामान्य गाड्यांत आले, तेव्हा पॅडमध्ये हाच तंतू होता.

पण हा तंतू कातणाऱ्यांचे काय? इंग्लंडात रॉचडेल येथे नेली केरशॉ नावाची बाई अ‍ॅस्बेस्टॉसचे सूत कातीत असे. १९२४ साली, तेहतिसाव्या वर्षी, ती फुप्फुसाच्या विकाराने मेली. मालकाने नुकसानभरपाई दिली नाही. डॉक्टर कुक यांनी तिची हकीकत वैद्यकीय नियतकालिकात छापली. पुढे सरकारी चौकशी झाली आणि १९३१ साली नियम आले. पण ते कारखान्यातल्या ठराविक कामांपुरते. गॅरेजात ब्रेक साफ करणारा फिटर त्या फाटकाच्या बाहेरच राहिला. ब्रिटनने या तंतूवर पूर्ण बंदी घातली ती १९९९ साली!

आपल्याकडे १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, अ‍ॅस्बेस्टॉसच्या कामगाराच्या प्रकृतीची नोंद निदान ४० वर्षे जपून ठेवावी. निकाल शहाणपणाचा, कारण हा रोग वीस-तीस-चाळीस वर्षांनी वर येतो. पण नोंद ठेवायला आधी हजेरीपट तर हवा. रस्त्याकडेच्या गॅरेजात जो पोऱ्या हवेची नळी धरून ब्रेकची धूळ उडवतो, त्याचे नाव कुठल्या वहीत आहे? ब्रेकच्या उष्णतेने बहुतेक तंतूंचे रूप पालटते, हे खरे. बहुतेक म्हणजे सगळे नव्हेत.

म्हणून अंगणातही रीत तीच ठेवावी. जुन्या गाडीत कुठले पॅड बसले आहेत ते नुसते पाहून कळत नाही. तेव्हा अ‍ॅस्बेस्टॉसच आहे असे धरून चालावे. चाक काढले की प्रथम पाणी आणि साबण हळू सोडून सगळे भिजवावे, ओल्या फडक्याने पुसावे. हवा मारू नये, तोंडाने फुंकू नये, कोरडा ब्रश लावू नये, पोरांना जवळ उभे करू नये. फडकी ओली असतानाच दुहेरी पिशवीत बांधावी आणि आत काय आहे ते वर लिहावे. कचरा उचलणाऱ्याने ती पिशवी उकलून पाहू नये.

पुढचे काम सरळ आहे. गाडी जॅकवर नव्हे, घोडीवर हवी. कॅलिपरचे दोन बोल्ट काढून तो तारेने टांगावा. रबरी नळीवर लोंबकळू देऊ नये. ग्रीसची टोपी, स्प्लिट पिन, नट काढले की चकतीसकट हब बाहेर येतो. मागचे चार बोल्ट सुटले की चकती मोकळी. नवी बसवताना हबचा तोंडवळा लख्ख हवा. तिथे कणभर गंज राहिला तरी चकती डोलते आणि पेडल पायाखाली थरथरते. बेअरिंगमागच्या पातळ चकत्या होत्या त्याच क्रमाने घालाव्या. हबला ढिलाई हवी इंचाचे दोन ते चार हजारांश भाग. ती डायल गेजनेच मोजावी, हाताच्या अंदाजावर इथे विसंबू नये. नव्या चकतीवरचे तेल पुसावे आणि पॅडही नवे, अ‍ॅस्बेस्टॉस नसलेले घालावे.

पिस्टन मागे ढकललेले असतात, तेव्हा पहिल्या दाबाला पेडल थेट खाली जाते. म्हणून गाडी जागची हलवण्याआधी, इंजिन बंद असतानाच, पाय कडक लागेपर्यंत ते पुनःपुन्हा दाबावे, आणि मगच फाटक उघडावे.