करवतीची वाकडी पट्टी

नाचता येईना अंगण वाकडे, ही म्हण आपण दुसऱ्याच्या सबबीला हसण्यासाठी वापरतो. परंतु यंत्राच्या बाबतीत अंगण खरोखरच वाकडे असू शकते. ते वाकडे आहे, की आपल्यालाच नाचता येत नाही, याचा निवाडा अंदाजाने करता येत नाही. तो मोजूनच करावा लागतो. आज ज्या यंत्राविषयी बोलावयाचे आहे, ते टेबल सॉ या नावाने ओळखले जाते. बिडाचे एक सपाट मेज, त्याच्या मधल्या फटीतून वर आलेले करवतीचे गोल पाते, आणि पात्याला समांतर अशी, मागेपुढे नव्हे तर डावीउजवीकडे सरकणारी एक लांब पट्टी, एवढे त्याचे दृश्य रूप. फळीची एक कड या पट्टीला टेकवून फळी पुढे ढकलली की ती हव्या त्या रुंदीत चिरली जाते. इंग्रजीत या पट्टीला फेन्स, म्हणजे कुंपण, म्हणतात. आपण तिला पट्टीच म्हणू.

अमेरिकेत हे यंत्र कारखान्यांइतकेच घरोघरच्या कार्यशाळांतही रुजले. तेथील डेल्टा कंपनीची युनिसॉ ही करवत १९३९ साली निघाली, आणि तिच्या जातीची जुनी यंत्रे आजही काम करताना आढळतात. बीड सहसा झिजत नाही, मोटरीचे वेटोळे नव्याने भरता येते, बेअरिंगे बदलता येतात. अशा यंत्रात प्रथम दगा देते ती पट्टी. म्हणून जुनी करवत विकत घेणाऱ्याची पहिली तक्रार बहुधा एकच असते: पट्टी सरळ बसत नाही.

ही तक्रार केवळ कामाच्या सफाईची नाही. दहा इंच व्यासाचे पाते मिनिटाला ४,००० फेरे घेत असले, तर त्याचे दाते ताशी सुमारे १९० किलोमीटर वेगाने धावत असतात. पात्याचे पुढचे दाते लाकूड खाली मेजावर दाबतात. मागचे दाते मात्र खालून वर येत असतात. पट्टीचे मागचे टोक पात्याकडे झुकलेले असेल, तर पुढे सरकणारी फळी पट्टी आणि पाते यांच्यामध्ये पाचरीसारखी अडकते. मागचे दाते तिला उचलतात आणि करवत चालविणाऱ्याच्या अंगावर भिरकावतात. ही उसळी इतकी अकस्मात असते की हात मागे घेण्यास अवधी मिळत नाही, आणि फळीवर ठेवलेला हात तिच्याबरोबर पात्यावर ओढला जाण्याचेही भय असते. अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाच्या अंदाजानुसार २०१५ या एका वर्षात टेबल सॉमुळे जखमी होऊन सुमारे ३३,४०० माणसे तेथील रुग्णालयांच्या तातडीच्या विभागात आली. या साऱ्या अपघातांचे खापर पट्टीवर फोडता येणार नाही. परंतु वाकडी पट्टी ही संकटाला दिलेली उघड वाट आहे, यात शंका नाही.

दोष ओळखण्याच्या खुणा लाकडावरच उमटतात. चिरलेली कड जळून काळी पडते. फळी पट्टीपासून दूर सरकू पाहते. कापलेल्या पट्टीची रुंदी एका टोकाला एक आणि दुसऱ्या टोकाला दुसरी भरते. आपल्या सुतारकामात इंचाच्या आठव्या भागाला सूत म्हणतात, आणि सरळ माणसालाही आपण सुतासारखा सरळ म्हणतो. या यंत्रापुढे मात्र सूत हे माप फारच ढोबळ ठरते. येथे पोस्टकार्डाच्या जाडीएवढे वाकडेपणही जाणवते.

अशा वेळी पाना घेऊन थेट पट्टीचे बोल्ट सैल करण्याचा मोह होतो. तो आवरावा. पट्टी वाकडी म्हणावयाची, ती कशाच्या मानाने? या यंत्रात न हलणारी रेषा एकच आहे. मेजाच्या पृष्ठभागावर पात्याच्या बाजूला आडव्या कापाचा गज सरकविण्यासाठी लांब खाच कोरलेली असते. ती बिडातच कोरलेली असल्यामुळे जागा सोडीत नाही. म्हणून प्रथम पाते खाचेशी समांतर करावयाचे आणि मगच पट्टी त्या खाचेशी जुळवावयाची. हा क्रम उलटला, तर वाकड्या पात्याशी पट्टी इमानाने जुळविली जाते, आणि आडवा काप घेताना पात्याचा दोष पुन्हा डोके वर काढतो.

करवतीची वीज पूर्णपणे तोडावी. नुसते बटण बंद करून भागणार नाही. पाते पूर्ण वर घ्यावे, एका दात्यावर खडूची खूण करावी आणि तो दाता पुढे असताना खाचेपासूनचे त्याचे अंतर मोजावे. नंतर पाते हाताने फिरवून तोच दाता मागे आणावा आणि पुन्हा मोजावे. दाता तोच हवा, कारण पात्याची चकती किंचित वाकलेली असली, तरी तिचा दोष या मापात शिरत नाही. दोन्ही अंतरे सारखी भरली तर पाते निर्दोष समजावे. नसतील, तर पात्याचा सांगाडा जेथे बसविला असेल तेथे दुरुस्ती करावी. युनिसॉसारख्या यंत्रात तो खालच्या पेटीला जोडलेला असतो. तेथे मेजाचे बोल्ट सैल करून मेजच सरकवावे लागते. हलक्या यंत्रांत सांगाडा मेजाला खालून लटकलेला असतो. तेथे सांगाडा सरकवावा. बोल्ट आवळताना सांगाडा पुन्हा हलतो, म्हणून आवळल्यानंतर फिरून मोजणे चुकवू नये.

आता पट्टीची पाळी. तिला खाचेच्या कडेशी आणून कुलूपबंद करावे आणि पुढे व मागे बोट फिरवून पाहावे. एक टोक खाचेवर आले आणि दुसरे मागे राहिले, तर पट्टीच्या डोक्यावरील बोल्ट सैल करून ती सरळ करावी. मागचे टोक पात्याकडे कदापि झुकू नये; काही जाणते कारागीर ते उलट कागदाच्या जाडीइतके पात्यापासून दूरच ठेवतात. पट्टीचा उभा चेहरा मेजाशी काटकोनात आहे की नाही, हे गुण्या लावून पाहावे. चेहराच पोटाला बाक आलेला असेल, तर त्यावर सरळ रंधलेली कठीण लाकडाची फळी बसवून पोकळ जागी कागदाच्या घड्या द्याव्यात.

येथवर आलेल्या माणसाला काम संपले असे वाटते. खरी परीक्षा पुढेच आहे. पट्टी दूर सरकवावी, परत आणावी, कुलूप लावावे आणि मोजावे. असे दहा वेळा करावे. दहाही वेळा ती समांतर बसली तर यंत्र निश्चिंतपणे वापरावे. दहाही वेळा ती एकाच बाजूला, एकाच मापाने वाकडी बसली, तरीही चिंता नाही. असा दोष एकदा दुरुस्त केला की गेला. परंतु ती कधी इकडे तर कधी तिकडे झुकत असेल, तर एकदा साधलेल्या सरळपणाला काही किंमत नाही. दोषी पण स्थिर पट्टी सुधारता येते. चंचल पट्टीचा भरवसा धरता येत नाही.

तरीही चंचलतेचे कारण शोधल्याशिवाय ती टाकून देऊ नये. ज्या दांड्यावर ती सरकते, त्यावर गंज, राळ आणि भुसा यांचा थर बसलेला असतो. तो खरवडून, पॉलिश कागदाने घासून, मेण लावले की पुष्कळदा पट्टी शहाणी होते. जुन्या पट्ट्या पुढे आणि मागे अशा दोन्ही टोकांना पकडतात. मागची पकड आधी बसली, तर पुढचे टोक तिरपे असतानाच अडकते. म्हणून आधी पुढची पकड बसावी आणि मग मागची, असे तिचे स्क्रू लावून घ्यावेत.

एवढे करूनही ती न जुमानील, तर बदलावी. याच अडचणीवर अमेरिकेतील विल्यम बीझमायर यांनी १९८० च्या सुमारास रूढ केलेली पट्टी उत्तर ठरली. चित्रकलेच्या फळ्यावरील टी-स्क्वेअर जसा एका कडेला टेकूनच सरळ राहतो, तशी ही पट्टी केवळ पुढच्या रुंद पोलादी डोक्याच्या आधाराने सरळ राहते. दोन टोकांतील भांडणच तिने मिटविले. ही रचना पुढे अनेकांनी उचलली, आणि अशा पट्ट्या जुन्या मेजांनाही जोडता येतात. जुनी छिद्रे जुळली नाहीत तर नवी पाडावी लागतात. नवी पट्टी बसविल्यावर मोजपट्टीचा शून्य नव्याने लावावा, आणि वर सांगितलेली दहा वेळांची परीक्षा तिचीही घ्यावी. नवेपणा ही सरळपणाची हमी नव्हे.

तोपर्यंत काम अडत असेल, तर रंधलेली सरळ फळी मेजाला दोन्ही टोकांशी शिकंज्यांनी घट्ट आवळावी आणि प्रत्येक वेळी खाचेपासूनचे अंतर पुढे व मागे मोजून घ्यावे. यात वेळ जातो, हे खरे. परंतु त्या चार मिनिटांच्या मोबदल्यात हाताची दहाही बोटे शाबूत राहत असतील, तर हा सौदा कोणत्याही कारागिराला महाग वाटू नये.