शाळा बंद असतां शिक्षकांचें कर्तव्य
(ज्युबिली-समारंभांतील भाषण)



ज्युबिलीच्या ह्या मंगल प्रसंगीं देवमंदिराच्या जोडीनें शाळेचें स्मरण होणें साहजिक आहे. म्हणून शाळांवर आलेल्या एका कठीण काळाविषयीं आम्ही दोन शब्द बोलणार आहों.

२०२० सालच्या मार्च महिन्यांत कोविडच्या सांथीमुळें महाराष्ट्रांतील शाळा बंद झाल्या. फळा व खडू सुटून शिक्षकाच्या हातीं केवळ मोबाईल राहिला. त्याच वर्षीं जुलै महिन्यांत सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीच्या मुलांसाठीं ‘टिलीमिली’ ही मालिका सुरू झाली. साधनें आलीं खरीं. परंतु तीं सर्वांच्या घरीं पोंचलीं काय? ‘असर’ ह्या पाहणीप्रमाणें ग्रामीण भारतांत, शाळेंत नांव असलेल्या मुलांपैकीं ६१.८ टक्के मुलांच्या घरीं २०२० सालीं स्मार्टफोन होता. म्हणजे शंभरांतील सुमारें अडतीस मुलें ह्या नव्या वर्गाच्या दाराबाहेरच राहिलीं. ज्या घरीं फोन एकच, तेथें तो बापाबरोबर कामावर जाई.

शिक्षकांचे श्रमही थोडे नव्हते. घरचें सांभाळून शिकवावयाचें, रात्रीं पालकांस फोन करावयाचे, शिवाय कित्येकांस सांथीच्या सर्वेक्षणाचें काम.

अशा वेळींच मुख्याध्यापकाची खरी परीक्षा होते. किती तास झाले, किती चित्रफिती धाडल्या, ह्यांचे तक्ते मागविणें सोपें. कोणतें मूल पंधरा दिवसांत दिसलें नाहीं, हें विचारणें कठीण. पहिल्या प्रश्नानें शिक्षक कारकून होतो, दुसऱ्यानें मेंढपाळ. प्रभु येशूनें हरवलेल्या मेंढराचा दृष्टांत दिला, त्यांत मोजणी नव्याण्णवांची नाहीं, एकाची आहे. परंतु त्या एकाच्या शोधास शिक्षकाला धाडावयाचें, तर त्याच्या शिरावरील निरर्थक कागदांचा भार प्रमुखानें आधीं उतरविला पाहिजे.

२०२० च्या नोव्हेंबरपासून शाळा टप्प्याटप्प्यानें उघडूं लागल्या. तरीही त्या काळांत ज्यांचा वाचनाचा पाया कच्चा राहिला, अशीं मुलें आजही आपल्यांत आहेत. रविवारीं धर्मशिक्षणाचा वर्ग सुटल्यावर त्यांच्यासाठीं एक तास वाचनाचा ठेवावा, व सुशिक्षित तरुणांनीं तो चालवावा, अशी आमची विनंति आहे.

जुन्या करारांतील ज्युबिलीच्या वर्षीं गेलेली जमीन मूळ धन्यास परत मिळे. ह्या मुलांचें गेलेलें शिक्षण त्यांस परत मिळवून देणें, हाच आपल्या ज्युबिलीचा खरा सोहळा होय. त्या कार्यास परमेश्वर यश देवो.