गर्दीतल्या माणसाने सकाळी काय खाल्लं?

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या रसिकहो,

दूरचित्रवाणीवर मुंबईच्या खाद्यभ्रमंतीचा एखादा भाग लावा. सुरुवात बहुतेक ठरलेली. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसचा घुमट, लोकलच्या दारात लोंबकळणारी माणसं, डबेवाले. मग मोहम्मद अली रोडचे कबाब, इराण्याचा बन-मस्का, चौपाटीची भेळ. अँथनी बोर्डेनच्या ‘नो रिझर्व्हेशन्स’मध्ये मुंबई २००६ साली आली, ‘समबडी फीड फिल’मध्ये २०२४ साली. मधल्या काळात असे कितीतरी कार्यक्रम झाले.

लोकलच्या दारातली ती माणसं म्हणजे आपण. तो माणूस पहाटे काय खाऊन निघाला, डब्यात काय आहे, तो डबा कोणी आणि किती वाजता उठून केला, हे सूत्रसंचालक क्वचितच विचारतो. टर्मिनसपासून सुमारे ६८ किलोमीटरवरच्या बदलापुरात ज्या घरी पहाटे गॅस पेटतो, तेही मुंबईचंच स्वयंपाकघर आहे. महानगर कसं जेवतं हे दाखवायचं असेल तर कॅमेऱ्याला कल्याणच्या पुढे यावं लागेल. आज मला एवढंच मांडायचं आहे.

उल्हासनगर घ्या. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीच्या बराकींत सिंधी निर्वासित आले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते पायाभरणी झाली आणि छावणीचं गाव झालं. पत्ता सांगताना आजही आपण ‘कॅम्प नंबर तीन’, ‘कॅम्प नंबर चार’ असंच म्हणतो. सिंधमधलं घरदार सुटलेल्या बायकांनी बराकीत पापड लाटले, पोराबाळांनी लोकलमध्ये गोळ्या-बिस्किटं विकली. त्या कष्टांवर संसार पुन्हा उभे राहिले. आता कॅमेरा येतो, दाल-पकवानातलं पकवान मोडल्याचा कुरकुर आवाज टिपतो, वर घातलेली चणाडाळ, चिंचेची चटणी आणि कांदा दाखवतो, ‘किती स्वस्त!’ म्हणतो आणि निघून जातो. हे पकवान कॅम्पात कुठून आणि कसं आलं, हे सांगायला त्याला दोन मिनिटंही सापडत नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं. होळीचे घीयर, थदडीच्या सणाला आदल्या दिवशी करून ठेवलेले लोलो आणि कोकी तर त्याच्या हाती लागतच नाहीत. सणाच्या तिथीला बांधलेलं खाणं चित्रीकरणाच्या तारखांत बसत नाही.

ऋतूला बांधलेलं खाणंही नाही. पहिला पाऊस पडला की बदलापूर-वांगणीच्या बाजारात ठाकर-कातकरी बाया शेवळं या रानभाजीच्या जुड्या घेऊन बसतात. शेजारी काकडांचा वाटा असतोच, कारण काकडांच्या आंबट रसाने शेवळांची खाज मरते. मग टाकळा, फोडशी, कंटोळी. कोणतं पान कधी खुडायचं, कशासोबत शिजवायचं, हे त्या बायांना ठाऊक असतं आणि आपण त्यांच्याशी पाच-दहा रुपयांवरून घासाघीस करतो. बदलापूरच्या जांभळाला भौगोलिक मानांकन मिळालं, याचा आनंद आहेच. पण जांभळाच्या झाडांच्या जागी इमारती उठताहेत, आणि तीही खाण्याचीच बातमी आहे.

मराठी वाहिन्यांचं श्रेय नाकारू नये. ‘आम्ही सारे खवय्ये’ने गृहिणींना पडद्यावर मान दिला, ही मोठी गोष्ट झाली. मात्र तो मान बहुतेक वेळा स्टुडिओतल्या ओट्यावर मिळाला. तिथे पाणी येण्याची वेळ सांभाळावी लागत नाही, गाडी चुकत नाही. एकीकडे घराविना शहर, दुसरीकडे शहराविना घर. अंबरनाथच्या आयुध कारखान्यात आणि एके काळच्या विमकोच्या आगपेटी कारखान्यात पाळीला जाणाऱ्यांचा डबा या दोन्हींच्या मधे हरवला.

तो डबा लिहिण्याचं काम आपलं आहे. भाव लिहा, महिना लिहा, गाडीची वेळ लिहा, राबणाऱ्या हातांचं नाव त्यांची परवानगी घेऊन लिहा. आयोजकांना माझी विनंती आहे की पुढच्या वर्षी रानभाजी विकणाऱ्या बायांना आणि कॅम्पातल्या पापड लाटणाऱ्या आज्यांना याच व्यासपीठावर बोलावावं. त्यांचा त्या दिवसाचा धंदा बुडेल, म्हणून वक्त्यांइतकंच मानधन द्यावं. आणि संमेलन जूनच्या पहिल्या पावसाला धरून ठेवावं. शेवळं त्यानंतर फार दिवस मिळत नाहीत.